त्वचेवरचा ग्लुकोज सेन्सर: चिकटण्याचे आणि टिकण्याचे शास्त्र

उपकरणाची रचना

कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर, संक्षेपाने सीजीएम, हे शरीरातील ग्लुकोजची पातळी दिवसरात्र मोजणारे उपकरण आहे. त्याचे तीन भाग असतात: त्वचेखाली राहणारा बारीक लवचीक तंतू, त्वचेच्या वर दिसणारी चकती आणि चकतीला धरून ठेवणारे चिकट अस्तर. भारतात वापरात असलेल्या फ्रीस्टाइल लिब्रे या सेन्सरची चकती सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाची आणि ५ मिलिमीटर जाडीची असते, वजन जेमतेम ५ ग्रॅम. तंतू त्वचेत साधारण ५ मिलिमीटर शिरतो. असा सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला १४ दिवस राहावा, अशी त्याची रचना आहे. प्रत्यक्षात अनेक सेन्सर त्याआधीच सुटतात आणि महागडे उपकरण मुदतीपूर्वी वाया जाते.

मोजमाप आणि पकड

तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवलेले असते. ग्लुकोजशी त्याची अभिक्रिया झाली की सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि या प्रवाहावरून ग्लुकोजची पातळी काढली जाते. विकर-विद्युदग्राची ही कल्पना लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. सीजीएमचा तंतू रक्तवाहिनीत शिरत नाही. तो पेशींमधल्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. त्यामुळे त्याचा आकडा रक्तातील पातळीच्या काही मिनिटे मागे असतो. तंतूची लांबी लक्षात घेतली तर पकडीचे महत्त्व उघड होते. चकती दोन-तीन मिलिमीटर उचलली गेली तरी तंतूचा निम्मा भाग जागेवरून सरकतो आणि आकडे चुकू लागतात किंवा येणेच थांबते. या अर्थाने चिकट अस्तर हा मोजमापाच्या यंत्रणेचाच एक घटक ठरतो.

चिंचोळीचा संदर्भ

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह-पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे. प्रौढांमधले हे प्रमाण ११.४ टक्के आहे. सोलापूर–पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसी या औद्योगिक वसाहतीचा या रोगाशी एक वेगळा धागा जुळतो. मधुमेहावरील सर्वपरिचित औषध मेटफॉर्मिन हे डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड या रसायनापासून तयार होते. हे रसायन बनवणाऱ्या बालाजी अमाइन्स या सोलापूरच्या कंपनीचे कारखाने तामलवाडी आणि चिंचोळी येथे आहेत. सोलापूरचीच स्मृती ऑरगॅनिक्स मेटफॉर्मिनचे उत्पादन करते. याच वसाहतीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना असून तिथे वितळलेले लोखंड ओतून वाहनांच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट घडवले जातात. रासायनिक प्रक्रिया, ओतकाम, यंत्रकाम आणि सोलापूरचा पिढीजात कापड व्यवसाय यांमुळे उष्णता, घाम, तेल, द्रावके, तंतुमय धूळ आणि पाळ्यांचे काम हे सारे या परिसरातील कामगाराच्या वाट्याला कमी-अधिक प्रमाणात येते. सेन्सर सुटण्याची कारणेही नेमकी हीच आहेत.

चिकटद्रव्याचे कार्य

सेन्सरच्या अस्तरावर बहुधा ॲक्रिलिक जातीचे, दाबाने चिकटणारे द्रव्य असते. ते वाळून घट्ट होत नाही. अंशतः द्रवासारखे वाहण्याचा आणि अंशतः रबरासारखे ताणले जाण्याचा गुण त्यात एकवटलेला असतो. दाब मिळाला की ते त्वचेवरच्या सूक्ष्म खाचांमध्ये हळूहळू पसरते. स्पर्शाचे क्षेत्र वाढते आणि पकड बळकट होते. हे पसरणे काही तास चालू राहते. म्हणून नुकत्याच लावलेल्या सेन्सरची पकड दुसऱ्या दिवशीच्या पकडीपेक्षा कमी असते. खाचांमध्ये आधीच तेल, पाणी किंवा धूळ असेल, तर द्रव्याला त्वचेपर्यंत पोहोचता येत नाही आणि नंतर कितीही दाबले तरी ही उणीव भरून निघत नाही.

त्वचेची बाजू

चिकटद्रव्य ज्या पृष्ठभागावर बसते तो पृष्ठभाग स्थिर नसतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींच्या १५ ते २० पदरांचा असतो. हे पदर खालून नव्याने तयार होतात आणि वरून सतत गळतात. संपूर्ण थर नवा होण्यास साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ सेन्सरच्या आयुष्याएवढाच काळ. पापुद्रे सुटलेल्या भिंतीवर दिलेला रंग जसा पापुद्र्यांसकट निघतो, तसे उत्तम चिकटलेले अस्तरही गळणाऱ्या पेशींसह सुटू शकते. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले सीजीएम जेमतेम तीन दिवस वापरायचे होते. तेव्हा ही अडचण फारशी जाणवत नसे. सेन्सरची मुदत दहा-चौदा दिवसांवर गेली आणि चिकटण्याचा प्रश्न ठळक झाला. एव्हरसेन्स या उपकरणाने वेगळा मार्ग काढला: सेन्सर त्वचेखाली रोपला जातो आणि वरच्या प्रेषकाची चिकटपट्टी रोज बदलली जाते.

जागेची निवड

उत्पादकाने सांगितलेल्या भागातच, पण त्यातल्या कमीत कमी हलणाऱ्या जागी सेन्सर बसवावा लागतो. दंडाच्या मागच्या बाजूला, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, थोडी चरबी असलेली जागा सोयीची असते. स्नायू आवळला की जिथे त्वचा जास्त ताणली जाते ती जागा, व्रण, तीळ, सुरकुती आणि इन्शुलिन टोचण्याची नेहमीची जागा वर्ज्य असते. कामाचे स्वरूपही पाहावे लागते. उंचावर काम करणाऱ्याच्या सुरक्षा-पट्ट्याचे, खांद्यावर ओझे वाहणाऱ्याच्या पोत्याचे किंवा वेल्डिंगच्या चामडी बाह्यांचे घर्षण जिथे होते तिथे चकती टिकत नाही. उजव्या हाताने यंत्र चालवणाऱ्याला बहुधा डावा दंड सोयीचा पडतो.

त्वचेची तयारी

पकडीचा मोठा भाग सेन्सर लावण्याआधीच ठरतो. प्रथम साध्या, सुगंध आणि स्निग्धांश नसलेल्या साबणाने जागा धुऊन कोरडी करावी. दाट केस असतील तर ते ट्रिमरने आखूड करावेत. वस्तऱ्याने बारीक जखमा होण्याचा संभव असल्याने दाढी केल्यासारखे केस काढायचेच असतील तर ते आदल्या दिवशी काढणे बरे. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पट्टीने जागा पुसावी. जंतू आणि उरलेला तेलकटपणा दोन्ही जातात. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबणे महत्त्वाचे, कारण ओल्या त्वचेवर चिकटद्रव्य धरत नाही. अंगाला तेल लावण्याची सवय येथे आड येते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात किंवा हिवाळ्यातील मालिशीत सेन्सरचा दंड वगळावा आणि नवा सेन्सर तेल लावल्यानंतर लगेच बसवू नये.

पहिले चोवीस तास

सेन्सर बसवल्यावर अस्तराची कड बोटाने सर्व बाजूंनी हलके दाबावी. हाताच्या उबेने द्रव्य मऊ होऊन खाचांमध्ये लवकर उतरते. पुढील काही तास घाम, आंघोळ आणि जड काम टाळल्यास पकड पूर्ण होते. याच काळात तंतूभोवतीच्या ऊतकांना झालेली सूक्ष्म इजा भरून येत असते, म्हणून पहिल्या दिवसाचे आकडे तुलनेने कमी अचूक असतात. चिकटद्रव्य आणि मोजमाप या दोहोंना स्थिरावण्यास लागणारा वेळ असा जवळपास सारखाच आहे. पाळीत काम करणाऱ्यासाठी यातून सोपा नियम निघतो: सेन्सर कामावर जाण्याआधी बदलू नये, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे आणि थंड झाल्यावर बदलावा.

उष्णता आणि घाम

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. भट्टीजवळ किंवा बॉयलरच्या आवारात तापमान याहून अधिक असते. घाम दोन प्रकारे नुकसान करतो. तो अस्तराखाली साचून द्रव्याला त्वचेपासून अलग करतो आणि वरचा थर फुगवून भुसभुशीत करतो. घामाने भिजलेली कड चोळून पुसली तर ती गुंडाळली जाते. कापड टेकवून टिपणे योग्य. सोलापुरी टेरी टॉवेलचे उभे फासे पाणी उत्तम शोषतात, पण तेच फासे अस्तराच्या सुटलेल्या कडेत अडकतात. त्यामुळे सेन्सरभोवती सुती पंचा बरा. लिब्रे सेन्सर १० ते ४५ अंशांच्या दरम्यान काम करतो आणि एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटांपर्यंत तग धरतो. न वापरलेल्या सेन्सरच्या साठवणीची तापमान-मर्यादा वेष्टनावर छापलेली असते. उन्हात उभ्या दुचाकीच्या डिकीत ती सहज ओलांडली जाते.

तेल, द्रावके आणि धूळ

यंत्रकामातील कूलंट आणि वंगण कपड्यातून झिरपून अस्तराच्या कडेला पोहोचतात. ॲसिटोन, टोल्यूइन यांसारखी द्रावके चिकटद्रव्य मऊ करतात. हात किंवा दंड अशा द्रावकाने पुसण्याची सवय त्वचेलाही घातकच असते. यंत्रमागाच्या खात्यात उडणारा सुती तंतू कडेच्या उघड्या चिकट भागावर बसतो आणि तो भाग पुन्हा चिकटत नाही. या सर्वांपासून बचाव एकच: पूर्ण बाहीचा, सैल, स्वच्छ सुती कपडा. घट्ट बाही चढवता-उतरवताना चकती ओढली जाते. म्हणून कपडे बदलताना सेन्सरच्या बाजूची बाही शेवटी काढणे आणि आधी घालणे हिताचे.

वरचे आवरण

पकड अपुरी पडत असेल तर सेन्सरवर जादा पट्टी लावता येते. खेळाडू वापरतात ती लवचीक कापडी पट्टी, पारदर्शक श्वसनक्षम फिल्म किंवा सेन्सरसाठी कापून मिळणारे पॅच असे पर्याय आहेत. कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो. पट्टी चकतीच्या बाहेर सर्व बाजूंनी निदान एक-दोन सेंटिमीटर पसरावी आणि लावताना तिची टोके ताणू नयेत. ताणलेली पट्टी आखडताना त्वचेवर फोड आणते. लिब्रेच्या चकतीच्या मध्यावर असलेले बारीक छिद्र उघडे राहणे आवश्यक असते. औषध दुकानात मिळणारी बॅरियर वाइप त्वचेवर पातळ, किंचित चिकट पापुद्रा तयार करते. मात्र तंतू शिरण्याची नेमकी जागा कोरी ठेवावी. कारखान्यात सहज हाती लागणारी इन्सुलेशन टेप आणि क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद यांना येथे स्थान नाही. पहिली घाम कोंडून त्वचा कुजवते आणि दुसरा त्वचेला इजा करतो.

दाब आणि झोप

सेन्सर असलेल्या कुशीवर झोपल्यास त्या भागातील द्रवाची देवाणघेवाण मंदावते आणि साखर खोटी कमी दिसते. रात्रपाळी करणाऱ्याची झोप दिवसा, अनेकदा उकाड्यात होते. दाब आणि घाम एकाच वेळी येतात. चकती वारंवार दाबली गेल्याने अस्तराची एक कड आधी सुटते. कड थोडीच उचलली असेल तर सुटलेला भाग कात्रीने जपून कापून वर पट्टी लावता येते. तंतू बाहेर आला असेल तर तो पुन्हा आत ढकलू नये. तो सेन्सर संपला असे मानून नवा बसवावा.

खाज आणि ॲलर्जी

अस्तराखाली येणारी सर्व लाली ॲलर्जीची नसते. घाम आणि घर्षण यांमुळे होणारा दाह सेन्सर काढल्यावर एक-दोन दिवसांत शमतो. खरी ॲलर्जी अधिक खाजते, फोड आणते, अस्तराच्या कडेबाहेर पसरते आणि प्रत्येक नव्या सेन्सरबरोबर लवकर उद्भवते. २०१७ मध्ये युरोपातील त्वचारोगतज्ज्ञांनी लिब्रेच्या तत्कालीन रचनेतील आयसोबोर्निल ॲक्रिलेट हे रसायन अशा ॲलर्जीचे कारण असल्याचे दाखवले. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०२० साठी त्याची ‘वर्षातील ॲलर्जन’ म्हणून निवड केली. असे रसायन चकतीच्या प्लॅस्टिकमधूनही झिरपू शकते, म्हणून वरची पट्टी बदलून प्रश्न सुटेलच असे नाही. निदान त्वचारोगतज्ज्ञाच्या पॅच टेस्टने होते आणि उपाय बहुधा वेगळ्या जातीचा सेन्सर हाच असतो.

काढण्याची पद्धत

जितकी पकड चांगली, तितके काढणे नाजूक. खोबरेल किंवा बेबी ऑइल कडेला लावून काही मिनिटे थांबावे. तेलाने चिकटद्रव्य सैल होते. मग एका हाताने त्वचा धरून अस्तर वर ओढण्याऐवजी त्वचेला समांतर, हळूहळू मागे दुमडत सोडवावे. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर बसवल्यास आधीच्या जागेवरील थर पूर्ण नवा होण्यास अवधी मिळतो. तेलाचे अंश मात्र साबणाने धुऊन टाकावे लागतात. सेन्सर बसवण्याच्या ॲप्लिकेटरमध्ये सुई आणि चकतीत बॅटरी असल्याने दोन्ही घरच्या कचऱ्यात सुटी टाकू नयेत.

मर्यादा

सर्व काळजी घेऊनही काही सेन्सर सुटतातच. वय, त्वचेचा प्रकार, घामाचे प्रमाण आणि काम यांनुसार हे प्रमाण बदलते. अनेक सेन्सर एमआरआय तपासणीपूर्वी काढावे लागतात. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, विशेषतः चकती सैल झाली असताना, तर ग्लुकोमीटरने बोटाच्या रक्ताची तपासणी ग्राह्य धरावी. क्रेन, भट्टी किंवा फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यासाठी हे अधिक महत्त्वाचे आहे. तेथे साखर अचानक उतरणे हा थेट अपघाताचा धोका असतो आणि सुटलेल्या सेन्सरचा आकडा तो धोका झाकून टाकू शकतो. म्हणून इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधे घेणाऱ्याच्या डब्यात सेन्सर असतानाही ग्लुकोमीटर, तपासणीच्या काही पट्ट्या आणि साखर किंवा ग्लुकोजची पूड असणे आवश्यक ठरते.