निम्मी

“निम्मी मरतात,” शेजारच्या बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. “दरवर्षी, प्रत्येक मादीची. निम्मी.”

बोलणं न्यूटबद्दल चाललं होतं. लेस्टरमधल्या आमच्या गल्लीत बाईंच्या परसात एक जुनं, ऐसपैस तळं आहे. तिथे ग्रेट क्रेस्टेड न्यूट, म्हणजे पालीच्या अंगलटीचा पण बेडकाच्या गोतातला एक मोठा तुरेवाला प्राणी, वसंतात विणीला येतो. त्याची निम्मी अंडी फुटण्याआधीच मरतात. त्यामागे रोग नाही, दुष्काळ नाही, कुणी शत्रूही नाही. हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि या न्यूटच्या सर्वेक्षणाचा परवाना त्यांच्याकडे आहे. एप्रिलमधल्या एका ओलसर रात्री त्यांनी मला सोबत नेलं.

परवाना लागतोच. १९८१च्या वन्यजीव कायद्यानं ब्रिटनमध्ये या न्यूटला संरक्षण आहे आणि अंडं हाताळायलाही परवानगी हवी. कामाची रीत साधी आहे. अंधार पडल्यावर काठानं सावकाश चालायचं, टॉर्चचा झोत पाण्यात सोडायचा, दिसतील ते नर-माद्या वहीत टिपायचे. गारठा फार असला तर जायचंच नाही, कारण न्यूट हलत नाहीत.

नर लगेच ओळखू आला. पाठीवर दातेरी तुरा, शेपटीवर रुपेरी पट्टा, नारिंगी पोटावर काळे डाग. ही डागांची नक्षी प्रत्येकाची वेगळी. मादीपुढे उभा राहून तो शेपटीनं पाणी हलवतो आणि आपला गंध तिच्याकडे लोटतो. बेडकासारखी मिठी मारत नाही. शुक्राणूंची इवलीशी पुडी तळाशी ठेवतो; मादीला पटलं तर ती उचलते.

माझी नजर मात्र एका मादीवरच राहिली. पाण्यावर पसरलेल्या गवताचं एक पातं तिनं हुंगलं, सोडलं, दुसरं हुंगलं. मग मागच्या पायांत पातं धरून, विडा दुमडावा तशी त्याची घडी घातली आणि घडीत एकच अंडं ठेवलं. अंड्याभोवतीच्या चिकट आवरणानं घडी तिथेच चिकटली. पायांनी ती थोडा वेळ दाबून धरून मादी पुढच्या पात्याकडे वळली. मार्चपासून जून-जुलैपर्यंत ती दोनशे ते तीनशे अंडी घालते, आणि जवळपास प्रत्येक अंड्याला अशी वेगळी घडी. अंडं खाणाऱ्यांपासून आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून ती घडी राखते. जिथे पाणवनस्पती कमी असतात तिथे सर्वेक्षक काठीला प्लास्टिकच्या पट्ट्या बांधून पाण्यात सोडतात. मादी त्या पट्ट्याही तितक्याच निगुतीनं दुमडते.

सह्याद्रीत न्यूट नाही. भारतात तो दार्जिलिंगपासून पूर्वेकडच्या डोंगरांत सापडतो. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर बेडक्या डबक्यात अंड्यांचा पुंजका सोडून निघून जातात, तेच पाहत मी वाढले. त्यामुळे एकेका अंड्यासाठी चाललेले हे कष्ट पाहताना तो आकडा पुन्हा टोचला. इतक्या जपून घातलेल्या घड्यांपैकी निम्म्या व्यर्थ?

कारण पेशीत आहे. या न्यूटचं पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन प्रकारचं असतं. आपण त्यांना अ आणि ब म्हणू. ज्याच्या वाट्याला एक अ आणि एक ब येतो तोच जगतो. दोन अ किंवा दोन ब आले तर गर्भ शेपटीचा अंकुर धरेपर्यंत वाढतो आणि थांबतो. आई-बाप दोघेही अ-ब, म्हणून पिलांची वाटणी दर पिढीत तशीच: निम्मी. मॅकग्रेगर आणि हॉर्नर या संशोधकांनी १९८०मध्ये हे मांडलं. याच तळ्यात येणाऱ्या छोट्या स्मूथ न्यूटला हा शाप नाही. तोही पानं दुमडतो, पण त्याची अंडी लहान आणि करडी-तपकिरी. मोठ्याची फिकट पिवळसर.

हा फरक घडीबाहेरून कळत नाही. म्हणून नोंदीसाठी बाईंनी एक पान अलगद उलगडलं. टॉर्चच्या उजेडात पिवळसर गोळी दिसली. “आहे,” म्हणून त्यांनी हात काढून घेतला. एक सापडलं की थांबायचं, हा नियम, कारण उलगडलेलं अंडं उघडं पडतं. ते अंडं जगणाऱ्या निम्म्यांतलं होतं की मरणाऱ्या, हे त्या वेळी कुणालाच सांगता आलं नसतं. अजूनही रात्री मला ते आठवतं.

अशा मोजणीनं घरबांधणी रखडते, असं इथले सत्ताधारी सांगत आले आहेत. जून २०२०मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी भर भाषणात न्यूट मोजण्याला दोष दिला. २०२५मध्ये अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी बिल्डरांना वटवाघळं आणि न्यूटची काळजी सोडायला सांगितलं. पक्ष वेगळे, सूर तोच. मला तो पटत नाही. घरं हवीतच, पण जिथे बांधायची तिथे कोण राहतं आहे हे आधी पाहणं म्हणजे अडवणूक नव्हे. विसाव्या शतकात या देशातली असंख्य तळी बुजली, म्हणून परसातल्या तळ्यांना इतकं मोल आलं.

“निम्मी माझ्या हातात नाहीत,” बाई वही मिटताना म्हणाल्या. “उरलेल्यांचं मी बघते.” म्हणून त्यांच्या तळ्यात गोल्डफिश नाहीत, ते अंडी आणि पिलं फस्त करतात. काठ उतरता ठेवला आहे, म्हणजे कल्ले गळून फुप्फुसांनी श्वास घेऊ लागलेली पिलं उन्हाळा सरताना सहज बाहेर पडतील. कुंपणालगत कुजके ओंडके रचले आहेत, हिवाळ्यात न्यूटना दडायला. यंदा दोन घरं सोडून पलीकडच्या कुटुंबानंही तळं खणायला घेतलं आहे, आणि त्यांच्या मुलीनं मासे सोडायचा हट्ट सोडून दिला आहे.