आभाळातून रान पाहताना: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग कोणालाही विचारा, तो सांगेल: घाटावरचा आणि घाटाखालचा. मधून अजिंठ्याची रांग जाते. तिच्या दऱ्याखोऱ्यांत सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. बुलढाण्याहून बोथ्यामार्गे खामगावला उतरणारा रस्ता याच रानातून जातो. उत्तरेला संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे. अस्वल, बिबट, तडस, रोही, चिंकारा, भेकर ही इथली जुनी वस्ती.

आता या रानाकडे पाहण्याची एक नवी तऱ्हा आली आहे. अलास्कातले शिकारी चिमुकल्या विमानातून डोंगर पालथे घालतात, त्याचे व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलवर फिरतात. लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन तर तालुक्याच्या गावी भाड्यानेही मिळतो. साहजिकच 'वरून पाहिले की रानातले सगळे कळते' असा समज पसरत चालला आहे. तो अपुरा आहे, आणि काही बाबतींत रानाला आणि माणसालाही महाग पडणारा आहे. म्हणून एकेक समज तपासून पाहू.

गैरसमज १: घडीच्या पंखांचे विमान उडता उडता पंख मिटते आणि कुठल्याही शेतात उतरते.

वस्तुस्थिती: पंखांची घडी जमिनीवर असतानाच होते. अमेरिकेत १९८० च्या दशकात 'अविड फ्लायर' आणि 'किटफॉक्स' ही दोन आसनी हलकी विमाने आली. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड, अशी त्यांची बांधणी. पिना काढल्या की पंख मागे वळून धडाला समांतर होतात. मग विमान ट्रेलरवर चढवून घरी नेता येते, हँगरचे भाडे वाचते. घडीचा उपयोग एवढाच. उड्डाणापूर्वी पंख जागेवर पक्के बसले आहेत की नाहीत, हे तपासणे हा वैमानिकाच्या जिवाचा प्रश्न असतो.

ही विमाने थोड्या जागेत उतरतात, हे खरे. पण भारतात विमान उडवायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी, उड्डाणयोग्यतेची परवानगी आणि वैमानिकाचा परवाना लागतो. घरी बांधलेल्या विमानालाही त्यातून सूट नाही. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात त्यांचे विमान लोकांनी पाहिले, नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाण चाचणीच्या परवानगीसाठी २०१९ उजाडले.

गैरसमज २: परदेशात विमानातून शिकार सर्रास चालते.

वस्तुस्थिती: अमेरिकेने १९७१ मध्येच कायदा करून विमानातून प्राण्यांवर गोळी झाडणे आणि विमानाने त्यांचा पाठलाग करणे यांवर बंदी घातली. अलास्का तर विमानांवरच जगणारा प्रदेश, तिथे बहुतेक वस्त्यांना रस्ताच नाही. तिथलाही नियम असा, की खासगी विमानातून उडालात तर त्या दिवशी मोठ्या प्राण्याची शिकार करायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत थांबायचे. काही प्राण्यांचे अपवाद आहेत, पण मूळ नियम हाच. आभाळातून हेरून लगेच खाली उतरून मारले, तर प्राण्याला निसटायला वावच उरत नाही. जिथे शिकार कायदेशीर आहे, त्या समाजालाही ही मर्यादा आवश्यक वाटली.

गैरसमज ३: आपल्याकडेही परवाना काढला की शिकार करता येते.

वस्तुस्थिती: हौसेच्या शिकारीसाठी परवाना मिळतच नाही. इंग्रजांच्या काळात परवान्यावर शिकार चाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावरही काही प्राण्यांसाठी परवान्याची सोय उरली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली.

शिवाय कायद्यातली 'शिकार' ही बंदुकीपुरती नाही. फासे लावणे, विष घालणे, आमिष दाखवणे, हाका करून प्राणी पुढे घालणे आणि यांतल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सगळे त्या व्याख्येत येते. ड्रोन मागे लावून रोह्यांचा कळप पळवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. पूर्वी हाका माणसे आणि डबे करत, आता यंत्र करते, परिणाम तोच.

रोही आणि रानडुकरे पीक नासवतात, ही शेतकऱ्याची व्यथा खरी आहे आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. तिच्यासाठी नुकसानभरपाईची तरतूद आहे. ठरावीक परिस्थितीत कायद्याच्या कलम ११ खाली लेखी कारणांसह परवानगीही देता येते. पण तो अधिकार शासनाच्या यंत्रणेचा आहे, खासगी टोळीचा नाही. कुंपणात वीज सोडणे हा तर कोणत्याच अर्थाने उपाय नाही. त्या तारेला रानडुक्कर चिकटते, तसे रात्री पाणी द्यायला निघालेले माणूसही चिकटते.

गैरसमज ४: वरून पाहिले की सगळे प्राणी दिसतात, वाघसुद्धा आभाळातून मोजतात.

वस्तुस्थिती: हा समज आफ्रिकेतून आला आहे. १९५८ च्या सुमारास बर्नहार्ड आणि मिखाएल ग्रझिमेक या जर्मन पितापुत्रांनी झेब्र्याच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या डॉर्निअर विमानातून सेरेंगेटीतले कळप मोजले. २०१४ ते २०१६ या काळात आफ्रिकेतल्या १८ देशांत विमानांतून हत्तींची गणना झाली. सुमारे साडेतीन लाख हत्ती मोजले गेले. तिथे हे जमले, कारण मोकळे गवताळ मैदान, मोठे प्राणी, तेही कळपाने आणि दिवसाढवळ्या.

आपल्याकडे यातले काहीच जुळत नाही. पानगळीनंतर ज्ञानगंगेचे रान उघडे पडते हे खरे, पण त्याच उन्हाळ्यात अस्वल दिवसभर कपारीत असते आणि बिबट नाल्याच्या सावलीत. ते हिंडतात रात्री. पावसाळ्यात तर पानांखालचा रोहीसुद्धा वरून सापडणार नाही.

विदर्भात याची कसून परीक्षा झाली आहे. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी जोडल्या गेलेल्या टी-१, म्हणजे 'अवनी' वाघिणीच्या शोधासाठी ड्रोन आणले, ग्लायडर आणला, हत्ती आणि कुत्रीही आणली. शोध महिनोन्‌महिने चालला. अखेर २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली, ती बोराटीजवळ, जमिनीवरून, जीपमधून झाडलेल्या गोळीने. तो शेवट योग्य होता का, यावर पुढे मोठा वाद झाला. पण यंत्रांची मर्यादा त्या मोहिमेत स्पष्ट दिसली.

देशातले वाघ जमिनीवरच मोजतात. पूर्वी पंजांच्या ठशांवरून मोजत. २००६ पासून ती पद्धत मागे पडून कॅमेरा ट्रॅप आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, म्हणून छायाचित्रावरून तो ओळखता येतो. २०२२ च्या गणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि देशात सरासरी ३,६८२ वाघांचा अंदाज निघाला. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून होणारी नोंदही वाघांची अधिकृत गणना नाही. रानाशी ओळख होण्याचा तो सुंदर मार्ग आहे आणि त्याच दृष्टीने त्याकडे पाहावे.

गैरसमज ५: कॉलर घातली की वाघ कुठे आहे ते क्षणोक्षणी कळते.

वस्तुस्थिती: ज्ञानगंगेला साऱ्या देशात पोहोचवणाऱ्या वाघाची कहाणी इथे उपयोगी पडते. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या टी-१ सी-१ या नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कॉलर घातली. (त्याची आई टिपेश्वरची टी-१, वर आलेली अवनी ती वेगळी.) पावसाळ्याच्या तोंडावर तो निघाला. यवतमाळ, तेलंगणातले आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असे जिल्हे ओलांडत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून, डिसेंबर २०१९ च्या आरंभी तो ज्ञानगंगेत पोहोचला. पुढची भटकंती धरून त्याची नोंदलेली चाल ३,००० किलोमीटरच्या घरात गेली.

पण कॉलर म्हणजे सतत चालू असलेले चित्रण नव्हे. ती ठरावीक अंतराने उपग्रहाच्या मदतीने जागा टिपते आणि पाठवते. दोन नोंदींच्या मधे वाघ काय करत होता, ते ती सांगत नाही. प्रत्यक्ष माग काढायला माणसाला अँटेना घेऊन रानात उतरावेच लागते. बॅटरीलाही मर्यादा असते. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर निघाली आणि आभाळातली नोंद तिथेच थांबली. मार्च २०२१ मध्ये तो पुन्हा कळला तो गौताळा अभयारण्यातल्या कॅमेरा ट्रॅपमुळे, अंगावरच्या पट्ट्यांवरून.

गैरसमज ६: ड्रोन छोटा असला तर परवानगी लागत नाही.

वस्तुस्थिती: इथे दोन कायद्यांची गल्लत होते. ड्रोन नियम, २०२१ नुसार ड्रोनचे वजनावरून वर्ग पडतात; २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनो ड्रोनला, आणि व्यवसायासाठी नसेल तर मायक्रोलाही, पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. नकाशावर हिरवा, पिवळा, तांबडा असे हवाई पट्टे आहेत आणि हिरव्या पट्ट्यात साधारण ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. लोक इथवर वाचतात आणि थांबतात.

हे झाले हवेचे नियम. अभयारण्यात प्रवेश, छायाचित्रण आणि संशोधन यांना वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. वन्यप्राण्याला छेडणे तिथे गुन्हा आहे. नकाशावर पट्टा हिरवा दिसला म्हणून रान मोकळे होत नाही. हवेचा नियम पाळून वनाचा नियम मोडता येतो, आणि नेमके तेच घडते.

गैरसमज ७: प्राणी पळाला नाही, म्हणजे त्याला त्रास झाला नाही.

वस्तुस्थिती: याचे उत्तर अस्वलानेच दिले आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शास्त्रज्ञांनी काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बसवली आणि वरून ड्रोन उडवले. अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक अस्वले जागची फारशी हलली नाहीत, पण ठोके वाढले; एका अस्वलाचे तर मिनिटाला १२३ नी. पाहणाऱ्याला शांत दिसणारा प्राणी आतून घाबरलेला होता.

आपले अस्वल वेगळ्या जातीचे आहे, पण ते बिचकले की काय होते हे बोथ्याच्या आसपासच्या गावांना सांगायला नको. पहाटे मोहफुले वेचायला किंवा शेतावर निघालेल्या माणसाची गाठ बिथरलेल्या अस्वलाशी पडली, तर किंमत तो माणूस मोजतो. ड्रोन उडवणारा तेव्हा घरी पोहोचलेला असतो.

आणि आभाळ काही रिकामे नसते. सेरेंगेटीतल्या त्याच झेब्रा-विमानावर जानेवारी १९५९ मध्ये गिधाड आदळले. विमान कोसळले आणि मिखाएल ग्रझिमेक त्यात गेला. तो अवघ्या चोवीस वर्षांचा होता.

मग वरची नजर कशासाठी?

जमिनीसाठी. वणवा कुठे पेटला, हे उपग्रह चटकन टिपतात. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यावरून वनखात्याला आणि नाव नोंदवलेल्या कोणालाही मोबाइलवर सूचना पाठवते. पाणी कुठे आटले, झाडोरा कुठे विरळ झाला, दोन जंगलांना जोडणारा नाला कुठल्या रस्त्याने तोडला, हे वरूनच नीट दिसते. टिपेश्वरचा वाघ शेते, ओढे आणि रस्ते ओलांडत ज्ञानगंगेपर्यंत आला. ती वाट जपायची असेल तर आभाळातून घेतलेला नकाशा हवाच. वरून वाट शोधावी. वाटसरू शोधायचा तर खालीच यावे लागते.

याचा उत्तम पुरावा याच जिल्ह्यात आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या लोणारच्या विवराचा गोल वरून पाहिला की चटकन डोळ्यांत भरतो. पण तो ज्वालामुखीचा की उल्केच्या आघाताचा, हा वाद नुसत्या त्या गोलाने मिटला नाही. भोके पाडून तळातले खडक वर काढले, त्यांत प्रचंड आघातानेच बनणारी काच सापडली आणि १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी उल्केचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वरून प्रश्न दिसतो, उत्तर जमिनीत असते.

ज्ञानगंगेचे उत्तरही जमिनीवरच आहे: ठसे ओळखणाऱ्या वनमजुरात, पाणवठा राखणाऱ्या वनरक्षकात, अस्वलाची वाट ठाऊक असलेल्या गुराख्यात. आकाशातून रान पाहायची ओढ असलेल्या तरुणाने आधी यांच्यासोबत पायी हिंडावे. ड्रोन चालवता येत असेल तर वनविभागाकडे लेखी अर्ज करून वणवा किंवा पाणवठ्यांच्या कामात हात द्यावा. आणि रानावर विनापरवाना ड्रोन, रात्री फिरते झोत किंवा वीज सोडलेली तार दिसली, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. रानासाठी आज यापेक्षा उपयोगी टेहळणी दुसरी नाही, आणि तिला ना पंख लागतात ना परवाना.