यकृतात गाठ दिसली, पुढे काय?

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (१७९८–१८३२) यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही जपलेल्या आहेत. रुग्णाची हकीकत आणि शेजारी डोळ्याचं चित्र. सोनोग्राफीचा रिपोर्टही असाच, हकीकतीसोबत वाचायचा असतो.

यकृतात गाठ म्हटलं की घराच्या तोंडचं पाणी पळतं. पण प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पाण्याची गाठ पडद्यावर काळीभोर दिसते. रक्तवाहिन्यांचा गुंता, म्हणजे हिमॅन्जिओमा, बहुधा पांढरट आणि रेखीव कडांचा. त्याला सहसा उपचार लागत नाहीत. ताप आणि उजव्या बरगड्यांखाली दुखणं असेल, तर पू झाल्याची शंका घ्यावी.

सिरॉसिस किंवा हिपॅटायटिस बी, सी असलेल्यांनी मात्र चालढकल करू नये. ट्रिपल फेज सीटीत शिरेतून औषध देऊन टप्प्याटप्प्याने चित्रं घेतात. हिमॅन्जिओमा कडेकडून हळूहळू भरतो. यकृताचाच कॅन्सर बहुधा चटकन उजळतो, मग भोवतालच्या यकृतापेक्षा फिका पडतो. एएफपी ही रक्ततपासणी एकटी पुरत नाही.

डॉक्टरांकडे जुने रिपोर्ट न्या. कावीळ, दारू, घरातला किंवा स्वतःचा आधीचा कॅन्सर, काहीही लपवू नका. निदान त्यावरच उभं राहतं.