नाव एक, बळ निराळे

मुलाच्या हट्टापायी गेमिंग लॅपटॉपसाठी लाखभर रुपये मोजणारा बाप दुकानात काय पाहतो? झगमगते दिवे, सडपातळ बांधा आणि खोक्यावरील ग्राफिक्स चिपचे नाव! नेमका येथेच तो फसण्याचा संभव असतो. एन्व्हिडिया कंपनीची २०२३ सालची आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपमधील चिप ३५ ते ११५ वॅटच्या दरम्यान चालविण्याची मुभा लॅपटॉप बनविणाऱ्यांना आहे. नाव एकच, बळात मात्र मोठी तफावत. कारण उघड आहे. वीज अधिक, तितकी उष्णता अधिक. ती बाहेर टाकण्यास मोठे पंखे आणि मोकळे झरोके लागतात. बांधा बारीक केला की चिपचा वेग आवरावा लागतो. आपल्या किनाऱ्यावरील वैशाखाच्या उकाड्यात तर ही कसोटी अधिकच कडक. सौंदर्याला आमचा विरोध नाही. परंतु सामर्थ्य खर्चून ते घेतले असेल, तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. वॅटचा आकडा किमतीइतकाच ठळक छापण्याची सक्ती व्हावी, असे आमचे मत आहे. तोवर ग्राहकाने खोका उघडण्यापूर्वी एवढेच विचारावे: वॅट किती?