घरी सर्व्हिसिंग केल्यावर मोटारसायकल मिस का मारते?



मोटारसायकल हे आता शेतीचेच एक अवजार झाले आहे. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर या भागात सकाळी दुधाचे कॅन संकलन केंद्रावर न्यायचे असोत, संत्रा बागेत फवारणी पंप पोहोचवायचा असो किंवा नागपूरला कळमना बाजारात जाऊन भाव पाहायचा असो, मोटारसायकलवाचून काम अडते. म्हणून बरेच शेतकरी ऑईल बदलणे, प्लग साफ करणे, एअर फिल्टर धुणे, टॅपेट लावणे ही कामे घरीच करतात. त्यामुळे पैसा व वेळ दोन्ही वाचतात. परंतु काही वेळा काल बरी चालणारी गाडी सर्व्हिसिंगनंतर झटके देते, उभी असताना बंद पडते किंवा पिकअप घेत नाही. अशा वेळी घाबरून सर्वच भाग खोलले जातात आणि एका दोषाचे तीन दोष होतात.

शेवटचा हात कोठे लागला?

२,४-डी तणनाशकाचा पंप नीट न धुता कपाशीवर वापरला, तर शेंड्याची पाने चिंचोळी, बोटांसारखी होतात. अशा वेळी जाणता शेतकरी रोगाचे औषध शोधत नाही. पंपात आधी काय होते, हे तो विचारतो. इंजिनालाही हाच नियम लावावा. दुरुस्तीनंतर लगेच दिसलेला दोष बहुधा आपण हात लावलेल्या भागातच असतो.

प्रथम कोणकोणते भाग खोलले याची कागदावर यादी करावी. नंतर एकेक भाग तपासून दर वेळी गाडी चालू करून पाहावी. एकाच प्लॉटमध्ये खत आणि फवारणी दोन्ही बदलल्यास फरक कशाने पडला ते कळत नाही. तसेच येथेही एका वेळी एकच बदल करावा.

प्लग काय सांगतो?

गाडी थोडी चालवून बंद करावी व इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून टोकाचा रंग पाहावा.

१) फिकट तपकिरी : इंजिनात जळण ठीक आहे.
२) कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त किंवा हवा कमी.
३) ओला, तेलकट काळा : ऑईल आत येत आहे. ऑईल जास्त भरले नाही ना, ते पाहावे.
४) पांढरट : हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन जास्त तापत आहे.

प्लगचे अंतर कार्बोरेटरच्या अनेक १०० सी.सी. गाड्यांत ०.६ ते ०.७ मि.मी. असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहून फिलर गेजने मोजावा. प्लगची कॅप शेवटपर्यंत बसली आहे का, गाडी धुताना तिच्यात पाणी गेले आहे का, हेही पाहावे. नुसती सैल कॅपसुद्धा गाडीला झटके द्यायला लावते. प्लग आधी हाताने पूर्ण फिरवून बसवावा व शेवटी पान्याने बेताचाच कसावा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेल्यास खर्च मोठा होतो.

एअर फिल्टर

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४ ते १५ किलो हवा लागते. त्यामुळे हवेच्या वाटेत थोडी अडचण झाली तरी इंजिन बिघडते. फोमचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, ऑईल लावून चांगला पिळावा. ऑईल निथळत राहिल्यास हवा अडते. कागदी फिल्टर धुऊ नये. तो खराब झाल्यास बदलावा. डब्याचे झाकण व रबरी नळी घट्ट बसवावी. फटीतून हवा शिरल्यास मिश्रण बिघडते आणि वाटेवरची धूळ सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा झिजतात.

कार्बोरेटर

गाडी चोक ओढल्यावरच चालत असेल, तर लहान जेट बुजला आहे किंवा कार्बोरेटर व इंजिन यांच्या जोडातून हवा शिरते आहे, असे समजावे. जेटमध्ये तार घालू नये. छिद्र मोठे झाले की जेट निकामी होतो. तो हवेच्या दाबाने साफ करावा. जोड तपासण्यासाठी गाडी चालू ठेवून त्यावर साबणाचे पाणी टाकावे. क्षणभर आवाज बदलला तर तेथे गळती आहे. रबरी रिंग बदलावी.

रेस कमीच होत नसेल, तर आतील स्लाइड उलटी बसली आहे का ते पाहावे. तिची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे असावी लागते.

टॅपेट

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच लावावेत. चाकावरील 'टी' खूण जुळवून दोन्ही रॉकर किंचित सैल आहेत का ते पाहावे. सैल नसल्यास इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवावे. या खुणेवर पिस्टन दोनदा वर येतो व त्यातील एकच वेळ योग्य असते.

आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून टॅपेट कसणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. गाडी थंड असताना ठीक चालते, तापल्यावर बंद पडते आणि किक हलकी लागते, ही टॅपेट जास्त कसल्याची लक्षणे आहेत. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसल्याने तो जळतो व हेड उतरवावे लागते. थोडी टकटक परवडते, जळालेला व्हॉल्व्ह परवडत नाही.

पेट्रोलमधील पाणी

आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यास २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांनी सुरुवात झाली. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषते. पाणी जास्त झाल्यास ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. टाकीच्या झाकणावर पाण्याचा जोराचा मारा केला असल्यास कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास टाकी रिकामी करावी. गाडी काही अंतर जाऊन बंद पडते आणि झाकण उघडताच पुन्हा चालते, अशा वेळी झाकणातील हवेचे छिद्र साफ करावे.

इंजेक्शनच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींत सर्रास फ्युएल इंजेक्शन आले. चावी फिरवल्यावर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागून विझला पाहिजे. गाडी सुरू असताना तो पेटलेलाच राहिल्यास काम करताना एखादे सॉकेट सुटले आहे का, बॅटरीचे टोक सैल आहे का, एवढेच पाहावे. पुढील काम सर्व्हिस केंद्रात करावे.

हे लक्षात ठेवा

१) पेट्रोलचे काम उघड्यावर, विडी-काडी व चुलीपासून दूर करावे.
२) खोलण्यापूर्वी स्क्रू किती फेरे बाहेर होता ते लिहून ठेवावे.
३) प्लग पांढरट असेल किंवा किक हलकी लागत असेल, तर गाडीवर ओझे लादून "चालून चालून ठीक होईल" अशी वाट पाहू नये.
४) दोष न सापडल्यास केलेल्या कामाची यादी मेकॅनिकला दाखवावी. त्याचा शोधण्याचा वेळ व आपला खर्च वाचेल.
५) दुधाच्या फेरीच्या आदल्या रात्री सर्व्हिसिंग करू नये. काम सकाळी उजेडात करून, गाडी पाच-सात किलोमीटर चालवून पाहावी व मगच तिच्यावर कॅन चढवावेत.