धाव, आस आणि जू : बैलगाडीच्या शब्दांचे भाषांतर

'शेतकऱ्याने पेरणीआधी चाकाची धाव बसवून घेतली' हे वाक्य आपणांस इंग्रजीत न्यावयाचे आहे, असे समजा. 'धाव' म्हणताच धावणे आठवते, क्रिकेट पाहणाऱ्यास फलंदाजाची धाव आठवते. विहिरीवर मोट ओढताना बैल ज्या उतरणीवरून ये-जा करीत, तिलाही धावच म्हणत. येथे यांपैकी एकही अर्थ चालणार नाही.

लाकडी चाकाच्या मध्यभागी तुंबा असतो. त्यात आरे ठोकलेले असतात आणि आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर पुठ्ठे जोडून वर्तुळ पूर्ण होते. या वर्तुळापेक्षा किंचित लहान घेराची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती तापवून लाल करतात, फुगली की चाकावर चढवतात व लगेच पाणी ओततात. निवताना ती आकसते आणि सारे सांधे आवळले जातात. 'लोखंडी पट्टी' एवढेच भाषांतर केल्यास पदार्थ कळतो, काम कळत नाही. इंग्रजीतील 'टायर' हा शब्द मुळात याच पट्टीसाठी होता, रबर पुष्कळ नंतर आले. तरीही आजच्या वाचकासाठी 'लोखंडी टायर' असेच म्हणावे लागेल, अन्यथा त्याच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर उभा राहील.

सर्वच शब्द इतके अडवत नाहीत. स्पेनच्या ईशान्येकडील कॅटलान भाषेत जुवाला 'जोउ' म्हणतात. तो लॅटिनमधून आला, आपला 'जू' संस्कृत 'युग' यापासून, आणि दोहोंचे मूळ एकच. 'अक्ष'पासून आलेल्या 'आस'चेही तेथे भावंड आहे. हाच आस आपण भूगोलात पृथ्वीलाही दिला, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मात्र गाडीच्या याच भागाला आपल्याकडे कोठे आस, कोठे आख, तर कोठे कणा म्हणतात. भाषांतरकाराने कोणता घ्यावा? माझ्या मते, मूळ लेखन ज्या मुलखातले, तेथला. त्यासाठी शब्दाचे गाव ठाऊक हवे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. तो आपला मोठा आधार आहे, पण प्रत्येक शब्दाचे गाव त्यात सापडेलच असे नाही. कॅटलानमध्ये आल्कोव्हेर यांनी १९०१ साली सामान्य लोकांनाच शब्द गोळा करण्याचे आवाहन केले. मोल यांनी तो कोश १९६२ मध्ये दहाव्या खंडासह पुरा केला. त्यात कोणता शब्द कोणत्या गावी ऐकला, हेही नोंदले आहे.

रबरी चाकांची लोखंडी गाडी आली आणि तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव यांची गरज एकदमच संपली. वंगणाचा नळा गाडीखालून केव्हाच गेला, 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण तेवढी राहिली. ती म्हणणाऱ्या अनेकांना नळा पाण्याचा वाटतो!

स्वाध्याय : जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालम, आपण जेथे राहता तेथील एखाद्या वयस्क सुताराला किंवा गाडीवानाला भेटा. गाडीच्या किमान दहा भागांची नावे विचारा. प्रत्येक भागाचे काम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या व गावाचे नाव नोंदवा. उच्चार ऐकला तसाच लिहा, 'शुद्ध' करू नका.