गेम तुमचा, पॅच कुणाचा?

परीक्षा संपली, सबमिशनचं भूत मानेवरून उतरलं आणि रात्री निवांत गेम सुरू केला, तर समोर अपडेटचा बार. हॉस्टेलच्या वायफायवर तो सरकता सरकत नाही. शिव्या घालत का होईना, आपण अपडेटला होकार देतो. पण त्या पॅचमध्ये असतं काय? तो गेमचं भलं करतो की वाट लावतो? आणि काही पॅच कंपनीऐवजी आपल्यासारखाच एखादा खेळाडू का बनवतो, याचा विचार कधी केलाय?

पॅच म्हणजे सरळ मराठीत ठिगळ. गेम बाजारात आल्यावर सापडलेली भोकं बुजवायची. पण पीसी गेमिंगच्या जगात काही ठिगळं मूळ कपड्यापेक्षा जास्त टिकलीत, आणि त्यातली बरीचशी घरी बसून शिवलेली आहेत.

सहा मिनिटांचं गुपित

'जीटीए ऑनलाइन' पीसीवर आला २०१५ मध्ये. त्याचं लोडिंग सुरू करून चहा टाकावा, चहा पिऊन यावं, तरी ढग तिथेच. सगळ्यांची समजूत एकच, 'आपला पीसी जुना झालाय.' २०२१ मध्ये 'टोस्ट' या टोपणनावाच्या एका प्रोग्रॅमरनं ठरवलं, की बघूया तरी घोडं कुठे अडतंय. गेमचा सोर्स कोड त्याच्याकडे नव्हता. चालू प्रोग्रॅमच्या पोटात डोकावून त्यानं शोधलं, की गेम दर वेळी सुमारे १० एमबीची एक फाइल वाचतोय. तिच्यात गेममध्ये खरेदी करायच्या वस्तूंची यादी, जवळपास ६३ हजार नोंदी.

आता गंमत ऐका. पुढची नोंद वाचण्याआधी प्रोग्रॅम दर वेळी उरलेली अख्खी फाइल शेवटपर्यंत मोजायचा. मग ही नोंद आधी आली होती का, हे बघायला आतापर्यंतच्या सगळ्या नोंदी एकेक करून तपासायचा. म्हणजे हजेरी घेताना प्रत्येक रोल नंबरला सरांनी पहिल्या नंबरापासून पुन्हा सुरुवात करावी, तसं! डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात अशा उत्तराला मार्क मिळाले नसते. या पठ्ठ्यानं छोटासा पॅच लिहिला आणि त्याच्या मशीनवरचं सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं. रॉकस्टारनं मार्च २०२१ मध्ये ही दुरुस्ती अधिकृत अपडेटमध्ये घेतली आणि त्याला १० हजार डॉलर्सचं बक्षीस दिलं.

म्हणजे दोष तुमच्या ग्राफिक्स कार्डाचा नव्हताच. नवीन कार्डासाठी घरी हट्ट करण्याआधी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

कंपनी गेली, गेम राहिला

ही गोष्ट सुखान्त झाली, कारण पॅच घ्यायला कंपनी जागेवर होती. कंपनीच उरली नाही तर?

'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स' हा ट्रॉइका गेम्सचा रोल प्लेइंग गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला, तोही नेमका 'हाफ-लाइफ २' आला त्याच दिवशी. गोष्ट जबरदस्त, पात्रं जिवंत, पण बग इतके की खेळणारा वैतागायचा. विक्री यथातथाच झाली आणि २००५ मध्ये ट्रॉइकाला टाळं लागलं. बग दुरुस्त करणार कोण?

जर्मनीतल्या वर्नर श्पार नावाच्या चाहत्यानं हे काम अंगावर घेतलं. व्यवसायानं केमिस्ट, गेम कंपनीशी काही संबंध नाही. 'वेस्प५' या नावानं तो वर्षानुवर्षं अनऑफिशियल पॅच काढत राहिला. आधी बग गेले, मग आधुनिक स्क्रीनवर गेम नीट दिसू लागला, नंतर गेमच्या फायलींमध्ये अर्धवट पडून राहिलेला मजकूरही त्यानं पुन्हा जोडला. आज 'गॉग'वर हा गेम विकत घेतला, तर हा पॅच सोबतच मिळतो. एका चाहत्याचं ठिगळ दुकानात मालासोबत विकलं जातंय, यापेक्षा मोठी पावती कुठली?

कुलूप लावलं, घरमालकच बाहेर

आता थोडा नाजूक विषय. चोरी रोखायला कंपन्या गेमला कुलूप लावतात, म्हणजे डीआरएम. लावायलाच हवं, त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे. पण कधी कधी या कुलपाचा त्रास पैसे भरणाऱ्यालाच होतो.

२०२१ च्या 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'चंच बघा. पीसीवर शत्रूवर गोळी झाडली की गेम अडखळायचा. जुलैमध्ये क्रॅक झालेली प्रत आली आणि 'डिजिटल फाउंड्री'नं तुलना केली, तर चोरीची प्रत विकतच्या प्रतीपेक्षा मऊसूत चालत होती! त्याच महिन्यात कॅपकॉमनं पॅच आणला आणि त्यात चोरीविरोधी तंत्रज्ञानात सुधारणा केल्याचं स्वतःच नमूद केलं.

२००८ चा किस्सा तर याहून भारी. 'रेनबो सिक्स: व्हेगास २' डाउनलोड करून घेतलेल्या लोकांकडे एका पॅचनंतर गेम डिस्क मागायला लागला. डाउनलोडवाल्याकडे डिस्क येणार कुठून? युबिसॉफ्टनं उपाय म्हणून एक फाइल दिली. लोकांनी ती उघडून पाहिली, तर आत 'रीलोडेड' या क्रॅक करणाऱ्या टोळीची खूण! चोरानं बनवलेली किल्ली मालकानंच वाटली होती. बोंबाबोंब झाल्यावर फाइल गुपचूप काढली गेली.

याचा अर्थ 'चला, क्रॅकच उतरवूया' असा काढू नका. अशा फायलींसोबत मालवेअर येणं नेहमीचंच, आणि एका गेमपायी फायनल इयरचा प्रोजेक्ट गमावणं परवडणारं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलंय. हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

विकत घेतला, पण आपला झाला का?

पॅच फक्त देतो असंही नाही, तो काढूनही घेतो. 'जीटीए ४' मधल्या गाण्यांचे परवाने दहा वर्षांनी संपले आणि २०१८ मध्ये अपडेटमधून बरीच गाणी गायब झाली. ज्यांनी आधीच पैसे मोजले होते, त्यांचीही. जुनी गाणी परत आणणारे पॅच मग चाहत्यांनीच बनवले.

'द क्रू' तर अख्खाच गेला. २०१४ चा हा रेसिंग गेम एकटं खेळायलाही सर्व्हर मागायचा. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टनं सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेली प्रत शोभेची वस्तू झाली. त्यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरची 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपातल्या त्यांच्या अर्जानं जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. इकडे चाहत्यांनी स्वतःचा सर्व्हर बनवून हा गेम पुन्हा चालू करून दाखवला.

हे अपवाद नाहीत. 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन'च्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. जुना सिनेमा जपायला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुन्या पीसी गेम्सचा मोठा भार मात्र अजून अशा हौशी लोकांच्याच खांद्यावर आहे.

मग तुम्ही काय कराल?

फार काही नाही. मोठा अपडेट घेण्याआधी सेव्ह फायलींची कॉपी काढून ठेवा. गेम अचानक बिघडला, तर स्टीमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'बीटाज' बघा, काही गेम्सच्या जुन्या आवृत्त्या तिथे मिळतात. गॉगवरून घेतलेल्या गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर टाकून ठेवा, तो सर्व्हर न विचारता चालतो. चाहत्यांचा पॅच घेताना तो मूळ कर्त्याच्याच ठिकाणाहून घ्या, आणि पॅचसोबतची टिपणं वाचा.

आणि पैसे भरण्याआधी स्टीमच्या कार्टमधली ती छोटी ओळ एकदा वाचाच. तुम्ही गेम नाही, गेमचा परवाना घेताय, असं तिथे लिहिलेलं असतं. पुढच्या सेलमध्ये दहा गेम एकदम उचलताना निदान इतकं विचारा, की यातला कुठला गेम कंपनीनं हात वर केल्यावरही माझ्या पीसीवर चालेल?